कामासाठी गाव सोडताना एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधाच्या) गोळीत खंड पडू नये म्हणून: निघण्याआधीपासून परत येईपर्यंत

जतची ऊसतोडीची टोळी दसऱ्यानंतर साखर कारखान्यावर जाते. विटा-आटपाडीकडचा गलाईवाला (सोनं-चांदी गाळणारा) पार बंगाल-तमिळनाडूपर्यंत दुकान मांडतो. जावळी-पाटणचा माथाडी नवी मुंबईच्या मार्केटात राहतो आणि यात्रेला गावी येतो. या तिघांच्याही गोळ्यांत खंड पडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: गोळ्या संपत आल्यावर सेंटर, म्हणजे या गोळ्या देणारं सरकारी एआरटी केंद्र, शोधायला सुरुवात होते. तोवर मुकादम सोडत नाही, सेंटर कुठे आहे ते माहीत नसतं, उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक घरी ट्रंकेत राहिलेलं असतं. गोळी फडात किंवा भट्टीवर चुकलेली दिसते, पण तिची चूक निघण्याआधीच्या पंधरवड्यातली असते. म्हणून खालच्या पायऱ्यांतल्या पहिल्या पाच घर सोडण्याआधीच्या आहेत.

इथे दिलेले औषधाचे तपशील टीएलडी गोळीचे आहेत. टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ ही तीन औषधं एकाच गोळीत असतात आणि ती दिवसातून एकदा घ्यायची असते. तुमच्या गोळ्या दुसऱ्या असतील तर मोजणी, कागद आणि तारखांचा भाग तसाच लागू पडतो. औषधाचे नियम मात्र आपल्या डॉक्टरांकडून घ्या.

पायरी १: किती दिवसांसाठी जाताय ते ठरवा

प्रवास तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाची व्यवस्था वेगळी लागते.

लग्न, यात्रा, वारी, आठ-पंधरा दिवसांचं काम असेल तर हातातल्या गोळ्या पुरतात का एवढंच बघायचं.

एका हंगामासाठी जाऊन परत येणार असाल, तर नाव गावच्या सेंटरवरच ठेवायचं. गोळ्यांची दुसरी फेरी कुठून आणि कोण आणणार हे मात्र आधी ठरवायचं.

वर्षानुवर्षं बाहेर राहायचं असेल, तर रीतसर ट्रान्सफर घ्यायची, म्हणजे नाव तिकडच्या सेंटरवर हलवायचं.

सावध: ट्रान्सफर न घेता परगावच्या सेंटरवर "मला आत्ताच कळलं" असं सांगून नवीन नाव लावू नका. ओळख लपवायची म्हणून असं पुष्कळ जण करतात. नव्या डॉक्टरांना तुमचा आधीचा उपचार, आधीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), झालेला टीबी यातलं काहीच कळत नाही. पुढे व्हायरल लोड वाढलेला दिसला तर तो नव्या पेशंटचा म्हणून बघितला जातो, आणि गोळी लागू पडत नसल्याची शंका यायला उशीर होतो. इकडे गावच्या सेंटरवर तुम्ही उपचार सोडलेल्यांच्या यादीत जाता आणि घरी फोन सुरू होतात. जे लपवायचं होतं, तेच अशाने उघडं पडतं.

पायरी २: शेवटच्या गोळीची तारीख काढा

"तीन महिन्यांच्या आहेत" हा हिशेब चालत नाही. गोळ्या एकेक मोजा आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला पडते ते कॅलेंडरवर लिहा.

समजा, २० ऑक्टोबरला टोळी निघाली आणि त्या दिवशी हातात ९० गोळ्या आहेत. ऑक्टोबरात १२ संपतात, नोव्हेंबरात ३०, डिसेंबरात ३१. म्हणजे वर्षअखेर ७३ झाल्या, उरल्या १७. शेवटची गोळी १७ जानेवारीला. जुन्या डबीत ८ शिल्लक असतील तर २५ जानेवारीपर्यंत जातं. कारखान्याचा पट्टा मात्र मार्च-एप्रिलात पडतो, हंगाम तेव्हा संपतो. म्हणजे दुसऱ्या फेरीच्या गोळ्या संक्रांतीच्या आसपास हातात यायलाच हव्यात, आणि ते ऑक्टोबरात ठरायला हवं.

शेवटच्या तारखेच्या १० दिवस आधीची तारीख लाल पेनाने लिहा. गोळ्या आणायची तारीख ती. मधले १० दिवस गाडी चुकणं, सुट्टी, साठा कमी असणं यासाठी राखून ठेवलेले असतात.

शिल्लक गोळ्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. औषध नीट चाललंय म्हणायला दिलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पोटात गेलेल्या असाव्या लागतात. ३० गोळ्यांत एक चुकली तर ९६.७ टक्के, दोन चुकल्या की ९३.३. ९० गोळ्यांत चारपर्यंत कसंबसं निभावतं, पाचव्याला आकडा ९५ च्या खाली जातो. घरी राहूनच महिन्याला दोन चुकत असतील, तर फडात त्याहून जास्त चुकणार हे धरून चाला आणि निघण्याआधी काउन्सेलरला तसं मोकळेपणाने सांगा.

पायरी ३: निघण्याच्या १५ दिवस आधी सेंटरला जा

आदल्या दिवशी नको. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या आणि टोळ्या निघायची वेळ नेमकी एकत्र येते. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या सिव्हिलला आदल्या दिवशी गेलात आणि रक्ताची तपासणी राहिलीय असं निघालं, तर पुन्हा यायला दिवस उरत नाही.

आत गेल्यावर आधी काउन्सेलरकडे बसा. पुढचं या क्रमाने विचारा:

१. माझ्या व्हायरल लोडची पुढची तारीख कधी आहे? ती हंगामात पडत असेल तर आत्ताच रक्त द्यायला मिळेल का? उपचार स्थिर झाल्यावर ही तपासणी वर्षातून एकदा होते आणि बाहेरगावी असल्यामुळे तीच सर्वात जास्त चुकते. गोळ्या एकवेळ घरचं माणूस आणू शकतं, रक्त दुसरं कुणी देऊ शकत नाही.

२. मला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का? तब्येत स्थिर असेल, व्हायरल लोड दबलेला असेल आणि साठा असेल तर मिळू शकतात. "कामाला चाललोय, एप्रिलात येणार" असं स्पष्ट सांगा. न सांगता कुणाला कळणार नाही.

३. दुसऱ्या फेरीच्या गोळ्या बायको, भाऊ किंवा मुलगा नेऊ शकेल का? चालत असेल तर त्या माणसाचं नाव आजच नोंदवून घ्या आणि येताना काय घेऊन यायचं ते विचारा.

४. मी जिथे चाललोय तिथलं जवळचं एआरटी सेंटर किंवा लिंक सेंटर (एआरटी सेंटरला जोडलेलं छोटं केंद्र) कोणतं? कारखान्याचं किंवा शहराचं नाव सांगा. सेंटरचं नाव, वार आणि वेळ पुस्तकात लिहून घ्या.

५. ट्रान्सफर घेणार असाल तर फॉर्म, आणि वाटेतले व पोहोचल्यावरचे दिवस भरून निघतील इतक्या गोळ्या.

ट्रान्सफर घेतलेल्याने नव्या जागी गोळ्या संपायची वाट बघायची नाही. पोहोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत तिथे हजर व्हायचं. कागद हातात घेऊन दोन महिने खोलीवरच बसलेला माणूस इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही होत नाही.

पडताळा: सेंटरच्या दारातून बाहेर पडण्याआधी डबीवरची मुदत संपण्याची तारीख बघा. हंगाम संपण्याच्या पुढची हवी. तीन डब्या दिल्या असतील तर तिन्हींवर बघा.

पायरी ४: कागद आणि डबी

हिरवं पुस्तक सोबत न्यायचं. न्यायची भीती वाटत असेल तर नाव-नंबराचं पहिलं पान, शेवटच्या भेटीचं पान आणि शेवटच्या व्हायरल लोडचा कागद यांचे फोटो काढा, पण मोबाइलला लॉक लावा. फोन मुलांच्या हातात जात असेल तर फोटो ठेवण्यापेक्षा एआरटी नंबर आणि गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवलेलं बरं.

डबीवरचं लेबल खरवडून काढायची सवय फार आहे. करू नका. परगावच्या दवाखान्यात बेशुद्ध अवस्थेत नेलं तर ती कशाची गोळी आहे हे कुणालाच कळणार नाही. मोठ्या डब्या लेबलासकट बॅगेच्या तळाशी ठेवा आणि रोजच्या वापराला आठवड्याच्या सात गोळ्या छोट्या कोरड्या डबीत काढा. सातच, जास्त नाही. मोठ्या डबीत ओल शोषणारी पुडी असते, छोटीत नसते. ती पुडी फेकायची नाही. डबी वाजू नये म्हणून आत कापूस कोंबू नका, कापूस ओल धरतो. डबी रुमालात गुंडाळा, तेवढं पुरतं.

गोळ्या ३० अंशांच्या आत राहिलेल्या बऱ्या. कोपीच्या (फडावरच्या झोपडीच्या) पाचटाखाली ओल आणि उंदीर, ट्रकच्या डॅशबोर्डवर ऊन, गलाईच्या दुकानात भट्टीची धग. कोपीत असाल तर धान्याच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवा. दुकानात असाल तर भट्टीच्या खोलीत न ठेवता झोपायच्या जागी ठेवा.

मालकाला किंवा मुकादमाला काय सांगायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आजार सांगण्याची सक्ती नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा असून तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती दुसऱ्याला देता येत नाही आणि नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी करून आण अशी अट घालता येत नाही. "महिन्यातून एक दिवस दवाखान्याची तारीख असते" एवढं उचल घेतानाच सांगून ठेवा. ऐन हंगामात सुट्टी मागण्यापेक्षा ते सोपं जातं.

पायरी ५: गोळीची वेळ नव्या कामाला बांधा

घरी रात्रीच्या जेवणानंतर गोळी घेणारा माणूस ऊसतोडीत हमखास चुकतो. गाडी भरायला रात्री अकराला बोलावणं येतं की दोनला, हे कुणाला सांगता येत नाही. जेवण होतं तेव्हा अंगात त्राण नसतं, डोळा लागतो आणि गोळी राहते. माथाडीचं पाळीवर, गलाईवाल्याचं गिऱ्हाइकावर. घड्याळ बघून वेळ धरण्यापेक्षा, काम कुठलंही असो, रोज चुकत नाही अशी एक गोष्ट शोधा. बहुतेकांची ती पहाटेचा चहा किंवा दात घासणं असते.

जुन्या पेशंटनी इथे एक समजूत सोडायला हवी. पूर्वीच्या टीएलई गोळीत एफाविरेन्झ होतं. त्याने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना, तेलकट न खाता घ्यायला सांगत. टीएलडीला ही अट नाही. सकाळी चालते, रात्री चालते, खाऊन चालते, उपाशीपोटी चालते. उलट डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते आणि त्यांनी ती सकाळीच घ्यावी.

वेळ बदलायची रीत: नेहमीच्या वेळेला आजची घ्या, पुढची नव्या वेळेला, लवकर घ्या. रात्री ९ ची सकाळी ६ वर आणायची असेल तर आज रात्री ९ ला एक आणि उद्या सकाळी ६ ला पुढची. एवढं एकदा जवळ आल्याने बिघडत नाही. मधला दिवस सोडून परवापासून सुरू करणं चूक. आणि हा बदल गाव सोडण्याच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे सवय घरीच लागते.

उपवास, एकादशी, नवरात्र: गोळी पाण्याबरोबर चालते, मोडायचं काही कारण नाही. रोज्याला सहेरीची वेळ धरा.

पडताळा: निघण्याआधीच्या सात दिवसांत नव्या वेळेला सातही गोळ्या गेल्या का? दोन राहिल्या असतील तर ती खूण तुमच्या कामाची नाही, दुसरी शोधा.

पायरी ६: सोबत काय घेता ते बघा

गोळी रोज पोटात जाते, तरी व्हायरल लोड वाढतो, असं का होतं? पुष्कळदा त्याचं उत्तर बॅगेतल्या दुसऱ्या औषधांत सापडतं.

पित्तावरचं डायजीन, जेल्युसिलसारखं पातळ औषध किंवा चघळायच्या गोळ्या यांत अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं. ते डोल्युटेग्राविरला आतड्यात धरून ठेवतं आणि औषध रक्तात उतरत नाही. एआरटीची गोळी अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही तोच नियम आहे, फक्त त्या जेवणासोबत एआरटीच्या गोळीबरोबर एकत्र घेतल्या तर चालतात. गरोदर बायकांना या दोन्ही गोळ्या सरसकट मिळतात, तेव्हा हे त्यांना आवर्जून सांगावं लागतं. लोह भस्म म्हणजे लोहच, शंख भस्म म्हणजे कॅल्शियमच, हे वैद्यांकडून पुड्या घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. पित्तावरच्या पँटोप्राझोल-ओमेप्राझोलने टीएलडीला अडचण येत नाही.

टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असतं. ते डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून टीबी चालू असेपर्यंत टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅची आणखी एक गोळी लागते. परगावी टीबी निघाला आणि तिथे एआरटीचं सांगितलं नाही, तर ही जादा गोळी कोण देणार? मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा रोजचा डोस साधारण १००० मिग्रॅच्या आत ठेवतात. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइनबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. आणि अंगदुखीवर रोज डायक्लोफिनॅक खाणं टाळा. टेनोफोविर मूत्रपिंडावर थोडा भार टाकतंच, त्यात ऊन आणि कमी पाणी.

पायरी ७: चुकली, उलटली, हरवली

विसरलात: आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला. पुढची वेळ चार तासांच्या आत आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

गोळी घेतल्यावर तासाच्या आत उलटी झाली: पुन्हा एक घ्या. राखून ठेवलेल्या १० दिवसांतली एक कमी झाली, तसं कॅलेंडरवर लिहा.

चार-आठ दिवस खंड पडला: आजच सुरू करा आणि सेंटरला फोन करा. "आता रागावतील" म्हणून लोक आणखी महिना घालवतात, आणि नुकसान त्या महिन्यात होतं. खंड महिन्या-दोन महिन्यांचा असेल, ताप, खोकला, वजन उतरणं, रात्रीचा घाम यातलं काही असेल, तर आधी सेंटर गाठा, टीबीची तपासणी करून घ्या.

बॅग चोरीला गेली, डबी भिजली: १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर लावा आणि जवळचं सेंटर विचारा. पुस्तक किंवा त्याचा फोटो, एआरटी नंबर दाखवल्यावर ते तुमच्या मूळ सेंटरशी बोलून खात्री करून घेतात आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या देतात. एआरटी नंबर नसेल तर हेच काम लांबतं.

सावध: टोळीतल्या दुसऱ्या पेशंटकडून गोळ्या उसन्या घेऊ नका. डब्या सारख्या दिसल्या तरी आतलं औषध वेगळं असू शकतं, आणि त्याचाही हिशेब तुटतो.

सावध: कावीळ ब (हिपॅटायटिस बी) असलेल्यांनी तर टीएलडी मधेच बंद करायचीच नाही. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. अचानक थांबवलं की यकृताला मोठी सूज येऊ शकते.

पायरी ८: "आता इंजेक्शन आलंय" असं ऐकलं असेल तर

इंजेक्शन येणार म्हणून गोळी ढिली सोडणारे भेटू लागले आहेत, म्हणून हे नीट सांगतो. आपल्या सरकारी एआरटी सेंटरवर नेहमीचा उपचार गोळीचाच आहे.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविरच्या बातम्या आहेत त्या मुख्यतः एचआयव्ही नसलेल्यांना लागण होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाच्या. लागण झालेल्याला ते एकटं पुरत नाही.

उपचाराचं इंजेक्शन म्हणजे कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन. ते गोळ्यांनी व्हायरल लोड आधीच दबलेल्यांना देतात, म्हणजे तिथे पोहोचायचा रस्ता गोळीतूनच जातो. पहिल्या दोन वेळा महिनाभराच्या अंतराने, मग दर दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी दोन इंजेक्शनं, दोन्ही बाजूंच्या कुल्ल्यांत एकेक. ठरलेल्या तारखेच्या ७ दिवस आधी किंवा ७ दिवस नंतरपर्यंतच चालतं. रिल्पिविरिन २ ते ८ अंशांत फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे ते पिशवीत घालून फडावर नेता येत नाही. कावीळ ब वर त्याचा उपयोग नाही आणि रिफाम्पिसिनसोबत ते देता येत नाही.

कुणी एखाद्या हॉस्पिटलमधून हे इंजेक्शन घेत असेल, तर गाव सोडण्याआधी पुढच्या तीन तारखा काढून घ्या. एखादी ७ दिवसांहून जास्त चुकणार असं दिसलं, तर मधल्या काळासाठी गोळ्या आधीच मागून ठेवा. त्यातली रिल्पिविरिनची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची आणि तिच्याबरोबर ओमेप्राझोल-पँटोप्राझोल चालत नाही, इथे टीएलडीच्या उलट आहे. कायमचं बंद करायचं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर दोन महिन्यांच्या आत पूर्ण गोळ्यांचा उपचार सुरू झाला पाहिजे. औषधाचा अंश वर्षभर किंवा त्याहून जास्त रक्तात राहतो, पण विषाणूला दाबायला तो कमी पडतो. अशा अर्धवट औषधात विषाणू ते औषध पचवायला शिकतो आणि मग त्या जातीची दुसरी औषधंही हातची जाऊ शकतात.

पायरी ९: परत आल्यावर

पट्टा पडला की देवदर्शन आणि लग्नसराईच्या आधी सेंटर. पहिल्या आठवड्यात जा. रिकाम्या डब्या, उरलेल्या गोळ्या, परगावच्या दवाखान्याचे कागद, तिथे खाल्लेल्या औषधांची पानं, सगळं पिशवीत घालून न्या.

मोजणीच्या आधी उरलेल्या गोळ्या फेकून देऊन हिशेब जुळवू नका. गोळ्या नियमित गेल्या असं लिहिलं गेलं आणि व्हायरल लोड मात्र वाढलेला आला, तर डॉक्टरांना वाटणार की औषधच लागू पडत नाही, आणि चांगली चालू शकणारी गोळी बदलायची वेळ येऊ शकते. "जानेवारीत नऊ दिवस गेल्या नाहीत" असं खरं सांगितलं तर उपाय वेळेचा आणि साठ्याचा निघतो.

व्हायरल लोड राहिला असेल तर त्याच दिवशी रक्त द्या. अहवाल १००० (एक मिलीलीटरमध्ये विषाणूच्या इतक्या प्रती) किंवा त्याहून जास्त आला, तर काउन्सेलरबरोबर बसून कुठे चुकतं ते शोधायचं, तीन महिने एकही गोळी न सोडता काढायचे आणि पुन्हा तपासणी करायची. हे तीन महिने मिळतील अशा बेताने पुढच्या हंगामाची उचल घ्या. रक्त एप्रिलात दिलं तर दुसरी तपासणी पावसाळ्यात उरकते आणि दसऱ्याला टोळी निघायच्या आत निकाल हातात येतो.